तपोभंग

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीत दोनच गोष्टी न चुकता येतात. एक पाऊस आणि दुसरा दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. पाऊस निदान मधून अर्धा तास उघडतो तरी.

विनोदी लेख हवा, अडीच हजार शब्द, १५ जुलैपर्यंत, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मे महिना होता आणि मी आमरसाच्या तिसऱ्या वाटीवर होतो. त्या वाटीवर माणूस कशालाही हो म्हणतो. जूनमध्ये त्यांचा फोन आला तेव्हा मी "सुरुवात झालीय" म्हणालो, जुलैच्या पहिल्या तारखेला "होत आलाय" म्हणालो, आणि १४ तारखेला सकाळी चहा संपवून, आता मात्र बसायलाच हवं अशा निर्धाराने संगणकाचं बटण दाबलं.

पंखा फिरला. पुढचा हिरवा दिवा लागला. पण पडद्यावर काळोख, आणि त्या काळोखात 'नो सिग्नल' असं लिहिलेली एक चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तरंगत निघाली, रात्री साडेदहाला स्टँडवर शेवटची गाडी शोधणाऱ्या माणसासारखी. मग आतून एक लांब बीप आला. थांबला. पुन्हा आला.

मी बंद करून पुन्हा चालू केलं. तेच. मग बटण जरा जोरात दाबून पाहिलं. बटण जोरात दाबलं की यंत्राला आपली निकड कळते, अशी एक समजूत आपल्याकडे लिफ्टपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळीकडे आहे, आणि रिमोटचे सेल संपत आले की ती अधिकच घट्ट होते. मग मी चष्मा काढून पुसला. त्याचा काही संबंध नव्हता, पण काहीतरी पुसल्याचं समाधान मिळालं.

एकूण लक्षणं अशी: श्वास चालू, अंग कोमट, डोळे मिटलेले, मधूनच एक दीर्घ हुंकार. पुराणात असं कुणी बसलेलं दिसलं की इंद्र अस्वस्थ व्हायचा. मीही झालो. आणि अस्वस्थ झालेल्या लेखकाने जे पहिल्यांदा करायचं असतं ते केलं. संपादकांना मेसेज टाकला: "संगणक बंद. लेख आत अडकला. प्रयत्न चालू."

"बंद पडला?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"बंद नाही. चालू आहे, पण उघडत नाहीये. आणि माझा लेख आत आहे."

"किती झाला होता?"

"होत आला होता."

मराठीत 'होत आला होता' हा एक फार सोयीचा काळ आहे. व्याकरणाच्या पुस्तकात तो वेगळा दिलेला नाही, पण सुतार, शिंपी आणि लेखक यांची अर्धी हयात त्यातच जाते.

ही बाहेर आली ती पापडाचा डबा घेऊन. डब्यातला एक पापड तिने वाकवला. तो मोडला नाही, चपलेच्या पट्ट्यासारखा वाकला. तो तसाच हातात धरून तिने संगणकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सादळला असेल."

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. या दिवसांत मिठाला पाणी सुटतं, दारं फुगून चौकटीशी भांडतात, कपाटातल्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते आणि काडी ओढली की गुलाचा नुसता लेप निघून येतो. या सगळ्यावर हिचं निदान एकच, सादळलं. आणि उपाय एकच, फ्रिजच्या मागे ठेवा. आमच्या जुन्या फ्रिजची मागची जाळी कायम गरम असते. तिथे काड्यापेट्या, पापड, पोहे आणि एकदा पावसात भिजलेलं माझं पासबुकसुद्धा खडखडीत होऊन निघालेलं आहे.

"संगणक म्हणजे पापड नव्हे," मी म्हणालो.

हे मी अधिकाराने म्हणालो, कारण मी एमएस-सीआयटी आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ साली हा अभ्यासक्रम काढला आणि पुढे सरकारी नोकरांना तो सक्तीचा झाला. वेतनवाढ अडेल म्हणून आमचं अख्खं कार्यालय, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या हेडक्लार्कसकट, संध्याकाळी साडेसहाला बाजारपेठेतल्या एका गाळ्यात जाऊन बसायचं. हेडक्लार्कनी पहिल्या दिवशी माउस टेबलावरून उचलला आणि पडद्यावर रोखून धरला. संगणक बंद करण्यासाठी आधी 'स्टार्ट'वर जायचं असतं हे मात्र त्यांना पटकन समजलं. सरकारी कामाची त्यांची रीत तीच होती. बंद कसा करायचा ते आम्ही सगळे पक्कं शिकलो. चालूच झाला नाही तर काय, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

शिकवणाऱ्या मुलीने आणखी एक गोष्ट बजावली होती, की त्या खोक्याला सीपीयू म्हणायचं नाही. सीपीयू म्हणजे आत बसवलेली बिस्किटाएवढी चौकोनी चिप. ती स्वतः दर पाच मिनिटांनी "सगळ्यांनी सीपीयू चालू करा" असंच म्हणायची. अख्ख्या महाराष्ट्रात त्या खोक्याला सीपीयूच म्हणतात. देवळालाच मूर्ती म्हणावं तसा हा प्रकार आहे, पण रूढी शास्त्राहून बलवान. मीही तेच म्हणणार.

तर तो सीपीयू हुंकार देत होता. मी हिंजवडीतल्या भाच्याला फोन लावला. घरातलं एक पोर आयटीत गेलं की बाकीच्या घराला वाटतं आपल्याला फुकटचा मेकॅनिक मिळाला. कुणाच्या प्रिंटरची शाई संपली, कुणाचा मोबाइल टाकीत पडला, फोन त्यालाच.

"मामा, बंद करून चालू केला?"

"दहा वेळा."

"मग बूट होतोय का?"

या 'बूट'चं मूळ खरोखरच पायातल्या बुटात आहे. उंच बुटाच्या मागे तो ओढून घालायला एक पट्टी असते. आपल्याच बुटाची पट्टी धरून आपणच आपल्याला वर उचलायचं, अशी अशक्य गोष्टीसाठी इंग्रजीत एक म्हण आहे. संगणकाचं दुखणं हुबेहूब तेच. त्याला कुठलाही प्रोग्रॅम चालवायचा तर तो आधी मेमरीत आणावा लागतो; आणायचं काम करायला पुन्हा एक प्रोग्रॅमच लागतो; मग त्याला कुणी आणायचं? १९७५ साली अमेरिकेत अल्टेअर ८८०० नावाचा संगणक निघाला. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, नुसती पुढे खटक्यांची रांग आणि लाल दिवे. चालू केला की मालकाने खटके खालीवर करत सुरुवातीचा प्रोग्रॅम एकेक आकडा करून आत भरायचा. एक खटका चुकला की पहिल्यापासून. आपल्याकडच्या लघुरुद्र सांगणाऱ्या मंडळींना हे सहज जमलं असतं. आता ती सगळी खटपट मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायमची लिहून ठेवलेली असते आणि आपण बटण दाबून चहाला मोकळे होतो. बूट दाराबाहेर काढणाऱ्या आमच्या घरात मात्र हा शब्द काही आत आला नाही. ही अजून "उठला का?" असंच विचारते.

"उठत नाहीये रे," मी भाच्याला म्हणालो.

"एफ आठ दाबत राहा. सेफ मोड येईल."

"अरे, पडदाच काळा आहे."

"असू दे. दाबत राहा."

मी दाबत राहिलो. दहा मिनिटांनी तो म्हणाला, "असं करा मामा, परत एकदा बंद करून चालू करा."

यावर कुणी हसू नये. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या ग्राहकांना जे कळवलं त्याचा अर्थ असा होता, की बंद करून चालू करत राहा, काहींचे पंधरा खेपांनंतर चालू झालेत. मी अकराव्या खेपेला सोडलं. निष्ठा कमी पडली, दुसरं काय.

मग नाइलाजाने दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. ज्याने उचलला तो आवाजावरून विशीतला वाटला.

"काका, लाईट येतेय का?"

"येतेय."

"फॅन?"

"फिरतोय."

"बीप येतो? कसा येतो तो करून दाखवा."

आयुष्यात चौतीस वर्षं नोकरी केली, तीन साहेबांचे निरोप समारंभ गाजवले, पण असं काही करून दाखवण्याची वेळ आली नव्हती. मी घसा साफ केला आणि फोनमध्ये बीप काढला.

"याच्यापेक्षा लांब की एवढाच?"

मी लांब काढला.

"सलग की थांबून थांबून?"

मी थांबून थांबून काढू लागलो. तिसऱ्या बीपला माझं लक्ष दाराकडे गेलं. शेजारचे काका छत्री मिटत उभे होते. "चालू द्या, चालू द्या," ते म्हणाले. "भ्रामरी का? नाकाने करायची असते ती."

त्या बीपमागे शास्त्र आहे. बटण दाबल्याबरोबर संगणक कामाला लागत नाही. आधी स्वतःला चाचपून बघतो: मेमरी आहे का, पडद्याची सोय आहे का, कीबोर्ड आहे का. १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनची ही रीत. सगळं जागच्या जागी असलं की एक आखूड बीप आणि पुढचं काम. नसलं तर पडद्यावर लिहून सांगावं, तर पडदाच अजून जागा झालेला नसतो, म्हणून नुसती हाक.

आमचे आजोबा असेच होते. अंथरुणातून उठण्याआधी उशाशी हात फिरवून चष्मा, कवळी, तपकिरीची डबी आणि किल्ल्यांचा जुडगा इतकं सगळं बघायचे. मिळालं की एकच खाकरा, आणि दिवस सुरू. कवळी हाताला लागली नाही तर उठतच नसत. आणि कवळीवाचून काय हरवलंय ते सांगता येत नसे, त्यामुळे पडल्या पडल्या एक लांब हाळी. हाळीच्या लांबीवरून आजी ओळखायची की डबी आहे की दात. संगणकाचंही तसंच, फक्त प्रत्येक कंपनीचं घराणं वेगळं. एका घराण्यात तीन आखूड बीपांचा जो अर्थ तो दुसऱ्यात नाही. पण लांब बीप, थांबून थांबून, परत परत, म्हणजे पुष्कळदा दात सापडत नाहीत. म्हणजे रॅम.

"रॅम वाटतेय," पोरगा म्हणाला. "पाऊस कमी झाला की येतो."

रत्नागिरीत जुलैमध्ये 'पाऊस कमी झाला की' म्हणजे काय ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

काका एव्हाना सीपीयूसमोर खुर्ची ओढून बसले होते. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, आणि जगातलं कुठलंही यंत्र मुळात बस असतं या मताचे आहेत. आमच्या मिक्सरमध्ये त्यांनी एकदा क्लचप्लेट शोधली होती.

"धक्का मारून बघितलात?"

"याला चाकं नाहीत, काका."

"चाकं नसली तरी धक्का असतोच." त्यांनी तळहात उगारला. पूर्वी त्यांच्या या तळहाताने आमचा रेडिओ, त्यानंतरचा पोर्टेबल टीव्ही आणि एकदा तर टेलिफोनसुद्धा सुधारला होता, हे मान्य करायला हवं. आत कुठे जोड ढिला झाला असेल तर थापटीने तो क्षणभर बसतो, यात जादू काही नाही. पण मी मध्ये पडलो.

"नको. आत लेख आहे."

"मग कार्बन आला असणार," काका हात खाली घेत म्हणाले. "कुठल्यातरी टोकाला कार्बन धरलाय. काढायचं, घासायचं, परत लावायचं. गाडी चालू."

मी हसलो. भाचा पुन्हा फोनवर आला होता, तोही हसला. "मामा, हार्ड डिस्क गेली असणार. फॉरमॅट मारावं लागेल," तो म्हणाला. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणं. आणि खरं सांगतो, ते ऐकून मला जितकं वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही.

चारच्या सुमारास पोरगा आला. रेनकोट निथळत होता, हत्यारांची पिशवी दुधाच्या पिशवीत, ती आणखी एका पिशवीत. दारातच बूट काढून तो आत आला, हात पुसायला पंचा मागितला, जमिनीवर कालचं वर्तमानपत्र अंथरलं आणि मांडी घालून बसला. मागचे दोन स्क्रू काढून त्याने बाजूचा पत्रा सरकवला, आणि आमच्या घराचा गेल्या काही वर्षांचा इतिहास वर्तमानपत्रावर सांडला.

पंख्यावर लोकरीसारखी धूळ होती. मागच्या एका यूएसबीच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं टुमदार घर बांधलेलं होतं. तिथे पेन ड्राइव्ह का जात नाही म्हणून मी चार वेगवेगळे आणून पाहिले होते. तळाशी झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या होत्या, हळदीकुंकवाचा एक थर होता, आणि अक्षता. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करायची आमची पद्धत. आजोबांच्या वेळी कोयती आणि पहार असायची, आता सीपीयू असतो. त्याला वरच्या बाजूला हवा जाण्यासाठी जाळी असते आणि ती नेमकी अक्षता पडायला सोयीच्या जागी असते. दर वर्षी आम्ही त्याला ओवाळलं, आणि दर वर्षी थोडं थोडं भरवलं.

आणि अगदी कोपऱ्यात एक वाळून कोळ झालेली पाल.

"मामा, बग!" भाचा व्हिडिओ कॉलवरून ओरडला. त्याला हा विनोद सुचला याचा त्याला फार आनंद झाला. बिघाडाला बग म्हणायची चाल जुनीच, पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डमधल्या मार्क टू नावाच्या अवाढव्य संगणकाच्या रिलेत खराखुरा मेलेला पतंग सापडला. तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला, खाली शेरा लिहिला, आणि ते पान अमेरिकेतल्या राष्ट्रीय संग्रहालयात अजून आहे. आमची पाल हिने केरसुणीने सुपलीत घेतली आणि "शी!" एवढाच शेरा दिला.

"पालीने काही झालेलं नाही," पोरगा म्हणाला. "काका, यू पिन आहे?"

चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला हे विचारावं? माझ्याकडे डबाभर आहेत. त्याने मदरबोर्डला गेलेला वायरींचा जाडा झुपका काढला, यू पिन सरळ करून पुन्हा वाकवली, एक टोक हिरव्या वायरीच्या भोकात आणि दुसरं शेजारच्या काळ्या वायरीच्या भोकात घातलं. आतल्या पॉवर सप्लायचा पंखा एकदम गरगरला. "सप्लाय ओके." ज्या वस्तूने मी आयुष्यभर अर्जाला दाखला जोडला, तिने वीजही जोडता येते हे मला निवृत्तीनंतर कळावं! उगाच नाही आम्हाला स्टेशनरी मोजून मिळायची.

मग त्याने मदरबोर्डवरच्या दोन पांढऱ्या खिट्ट्या बाजूला केल्या आणि रॅम उपटून काढली. केसांच्या कंगव्याएवढी हिरवी पट्टी, खालच्या कडेला ओळीने सोनेरी दात. उजेडात तिरपी धरल्यावर दिसलं, सोन्यावर काळपट साय धरली होती.

"खरं सोनं आहे?" हिने विचारलं.

"मुलामा, काकू. अगदी पातळ." त्याने पिशवी चाचपली, खिसे चाचपले, आणि मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, घरात अप्सरा आहे?"

स्वयंपाकघराच्या दारात हिचा हात जागीच थांबला. काका खुर्चीत ताठ झाले. फोनवरचा भाचाही गप्प झाला. बाहेर पाऊस तेवढा चालू होता.

"अप्सरा?" मी म्हणालो.

"नसेल तर नटराज पण चालेल."

पहिला प्रकाश हिच्या डोक्यात पडला. ती आत गेली आणि नातवाची कंपासपेटी घेऊन आली. मे महिन्याच्या सुट्टीत तो विसरून गेलेली. त्यात, एका बाजूने दातांनी कुरतडलेला आणि दुसऱ्या बाजूने कर्कटकाने भोसकलेला, पांढरा अप्सरा खोडरबर होता.

पोराने रॅमची पट्टी गुडघ्यावर ठेवली आणि चुकलेलं गणित खोडावं तसे ते सोनेरी दात खोडायला सुरुवात केली. हलक्या हाताने, एकाच दिशेने, आधी एक बाजू, मग दुसरी. रबराचा पांढरा चुरा काळा होऊन वर्तमानपत्रावर पडत होता. सगळे वाकून बघत होतो.

"कार्बन," काका म्हणाले.

"तसंच म्हणा, काका. टोकावर थर बसतो, मग टच होत नाही. काढायचं, घासायचं, परत लावायचं."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

"पण बसतो कशाने?" हिने विचारलं. फार साधेपणाने विचारलं.

"हवेनं, काकू. आपल्याकडे समुद्राची खारी हवा, त्यात हा पाऊस. पावसाळ्यात सादळतात हे. जुलैत माझे रोज दोन-तीन तरी असेच असतात."

ही काही बोलली नाही. आत जाऊन फ्रिजच्या मागचे पापड तेवढे उलटे करून आली. एक तळून आणला आणि सगळ्यांसमोर मोडला. कट्‌कन मोडला.

पोराने पट्टी जागेवर ठेवून दोन्ही टोकांना अंगठे दाबले. टक्. टक्. दोन्ही खिट्ट्या आपोआप बसल्या. बटण दाबलं. पंखा फिरला, आम्ही श्वास रोखला, आणि आतून एकच बीप आला, आखूड, तृप्त. आजोबांचा खाकरा. पडद्यावर अक्षरं उमटली.

विश्वामित्राला उठवायला इंद्राने स्वर्गातून मेनका धाडली होती. आमच्याकडे दुसरीतल्या पोराच्या कंपासपेटीतल्या कुरतडलेल्या अप्सरेवर भागलं.

पण उठल्या उठल्या संगणकाने तारीख दाखवली १ जानेवारी २००९, आणि पुढे जायला एफ एक दाबा म्हणाला. "सेल गेलाय," पोरगा म्हणाला आणि मदरबोर्डवरून रुपयाएवढी चपटी चकती काढली. तिचं नाव सीआर २०३२, आणि त्या नावातच तिची सगळी पत्रिका आहे: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं, हे तिचं मुख्य काम. ती मेल्यामुळे लाईट गेली की आमचा संगणक तारीख विसरून २००९ सालात जायचा. जुलैत आमच्याकडे लाईट किती वेळा जाते ते लक्षात घेता तो दिवसातून पाचेक वेळा तरी जाऊन येत असणार. महिनाभर बँकेचं पान का उघडत नव्हतं तेही आत्ता कळलं. पाहुणाच सतरा-अठरा वर्षं जुनं पंचांग घेऊन दारात आल्यावर बँक त्याला आत कशी घेणार? आणि मी बँकेत जाऊन तिथल्या बाईंशी वाद घालून आलो होतो. त्यावर आता कुठे बोलू नका.

"सेलचे ४० आणि व्हिजिटचे ३००."

"पाच रुपयांच्या रबराला तीनशे?" ही म्हणाली.

"रबर तुमचंच होतं ना, काकू. त्याचे नाही लावले." त्याने सेल बसवला, पत्रा लावला, पैसे घेतले, अर्धा पापड तोंडात टाकला आणि बूट घालून पावसात दिसेनासा झाला.

मला वाटलं आता काका उठतील. ते उठले नाहीत. उलट खुर्ची जवळ घेतली. ही पदराला हात पुसत मोड्यावर येऊन बसली. भाच्याचा कॉल अजून चालूच होता, त्याचा चेहरा तांदळाच्या डब्याला टेकून माझ्याकडे बघत होता.

"उघडा आता तो लेख," काका म्हणाले. "वाचूनच दाखवा. एवढा वाचवलाय."

"नंतर. जरा सुधारणा..."

"नंतर लाईट जाईल," ही म्हणाली.

मी फाइल उघडली. तिचं नाव होतं 'दिवाळी लेख अंतिम'. मध्यभागी लिहिलं होतं, 'शीर्षक नंतर'. त्याखाली ठळक अक्षरांत माझं नाव. त्याखाली 'सध्याच्या धावपळीच्या युगात', आणि त्यापुढे कर्सर उघडझाप करत उभा. बाजूला लहान अक्षरांत तारीख: १ जानेवारी २००९.

"तेव्हापासून लिहिताय?" काकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आदर होता.

तेवढ्यात फोन वाजला. संपादक.

"नमस्कार. काय, निघाला का लेख बाहेर?"

मी पडद्याकडे पाहिलं. हिच्याकडे पाहायचं टाळलं. हातात तो कुरतडलेला रबर होता. कधी उचलला होता कुणास ठाऊक.

"अजून नाही हो," मी म्हणालो. "माणूस आलाय दुरुस्तीला. पण त्याला अप्सरा लागतेय, आणि ती काही मिळत नाहीये."

पलीकडे बराच वेळ नो सिग्नल होता.